सर्व्हिस बंद पडली, आता काय? लिनक्स सर्व्हरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात दुकानदारांचे, क्लासवाल्यांचे, ट्रान्सपोर्टवाल्यांचे सर्व्हर सांभाळणं हा माझा रोजचा धंदा. काही मशीन सीताबर्डीच्या मागच्या खोलीत टेबलाखाली आहेत, काही मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये. फोन मात्र सगळ्यांचा एकच: "दादा, बंद पडलं." खालचे प्रश्न त्या फोनांतून आणि वॉट्सॲपवरून जमा झालेले आहेत. उत्तरं सिस्टमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) असलेल्या लिनक्ससाठी आहेत, म्हणजे उबुंटू, डेबियन, रेड हॅट, आल्मा, रॉकी वगैरे. कमांड मी फोनवर बोलून सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत; टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान. उदाहरणातल्या सर्व्हिसचं नाव सगळीकडे 'हिशेब' धरलं आहे.

१. बॅकग्राउंड सर्व्हिस म्हणजे नेमकं काय? ती कोण चालवतं?

स्क्रीनवर काही न दाखवता मागे चालत राहणारा प्रोग्राम. वेब सर्व्हर, डेटाबेस, एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) हे सगळे त्यातलेच. जुनं नाव 'डीमन', म्हणून बऱ्याच नावांच्या शेवटी 'डी' लागतो: एसएसएचडी, मायएसक्यूएलडी. आजकाल त्यांना चालू करणं, बंद करणं, मेल्यावर उठवणं हे काम सिस्टमडी करतो. मशीन चालू झाल्यावर सगळ्यात आधी उठणारी प्रोसेस तीच, तिचा नंबर कायम १. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ती आणली. रेड हॅटच्या ७ व्या आवृत्तीत २०१४ ला आणि डेबियन ८ मध्ये २०१५ ला ती मुख्य झाली. त्याआधीचं जुनं मशीन तुमच्याकडे अजून चालत असेल तर ही उत्तरं अर्धीच लागू पडतील. आणि ते मशीन बदला.

२. दादा, सर्व्हिस बंद पडली. रीस्टार्ट मारू का?

दोन मिनिटं थांबा. गिऱ्हाईक काउंटरवर उभं आहे हे मला समजतं, पण आधी दोन कमांड मारून त्यांचं आउटपुट एका फाइलमध्ये ठेवा: 'सिस्टमसीटीएल स्टेटस हिशेब' आणि 'जर्नलसीटीएल डॅश यू हिशेब डॅश एन २००'. मग खुशाल रीस्टार्ट करा.

रीस्टार्ट केल्यावर स्टेटसमधला एक्झिट कोड जातो, मेमरीची स्थिती जाते, अडकलेली फाइल सुटते. सर्व्हिस पुन्हा उठली की सगळे खूश, आणि तीन दिवसांनी परत तीच बोंब. तेव्हा माझ्याकडे बघायला काहीच नसतं. आख्खं मशीन रीबूट करणाऱ्यांचं तर आणखी अवघड, कारण काही मशीनवर रीबूटनंतर जुना लॉगच उरत नाही. तो का उरत नाही हे प्रश्न ४ मध्ये आहे.

३. स्टेटसमध्ये एवढं काय काय येतं. त्यातलं वाचायचं काय?

चार ठिकाणं बघा.

'लोडेड' या ओळीत युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणारी फाइल) कुठून उचलली ते असतं, आणि 'एनेबल्ड' की 'डिसेबल्ड' तेही. इथे 'नॉट फाउंड' किंवा नुसतं 'कुड नॉट बी फाउंड' दिसलं तर सर्व्हिस पडलेली नाही, तुम्ही नावच चुकवलं आहे. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. एका वितरणात अपाची या वेब सर्व्हरची सर्व्हिस 'अपाची२' असते, दुसऱ्यात 'एचटीटीपीडी'.

'ॲक्टिव्ह' ही मुख्य ओळ. 'फेल्ड' म्हणजे मेली. 'इनॲक्टिव्ह' आणि कंसात 'डेड' म्हणजे शांतपणे थांबली किंवा कधी चालूच केली नाही. हे क्रॅश नव्हे. 'ॲक्टिव्हेटिंग' आणि कंसात 'ऑटो-रीस्टार्ट' म्हणजे मरते, उठते, पुन्हा मरते. याच ओळीत किती वाजल्यापासून अशी स्थिती आहे ते असतं. ती वेळ कागदावर लिहून घ्या, पुढचा सगळा तपास त्या वेळेभोवती फिरणार आहे.

'फेल्ड'च्या बाजूला 'रिझल्ट' असतो. 'एक्झिट-कोड' म्हणजे प्रोग्राम स्वतःहून चूक सांगून बाहेर पडला. 'सिग्नल' म्हणजे कुणीतरी मारला. 'कोअर-डंप' म्हणजे आत कोसळला. 'टाइमआउट' म्हणजे वेळेत उठला नाही किंवा वेळेत थांबला नाही. 'ऊम-किल' म्हणजे मेमरी संपली. हा एक शब्द वाचला तरी अर्धा तपास झाला.

'मेन पीआयडी'च्या (मुख्य प्रोसेसच्या नंबरच्या) ओळीत कोड आणि स्टेटस असतो. त्या आकड्यांसाठी प्रश्न ५.

शेवटच्या दहा ओळी लॉगच्या असतात. त्यांवर फार विसंबू नका, कारण खरी चूक बहुतेक वेळा त्यांच्या वर असते.

४. लॉग कुठे बघायचा? आणि किती मागे जायचं?

'जर्नलसीटीएल डॅश यू हिशेब डॅश बी' म्हणजे मशीन चालू झाल्यापासूनचा त्या सर्व्हिसचा लॉग. ठरावीक वेळेचा हवा असेल तर 'डॅश डॅश सिन्स' देऊन वेळ लिहा. कमांडच्या आधी सूडो (म्हणजे ॲडमिनच्या हक्काने चालव) लावायला विसरू नका, नाहीतर साध्या युजरला स्वतःच्याच प्रोसेसचा लॉग दिसतो आणि तो म्हणतो, "काहीच नाही दिसून राहिलं."

वाचताना सगळे खालून वर जातात आणि पहिली लाल ओळ दिसली की तिथेच थांबतात. ती ओळ बहुधा 'फेल्ड विथ रिझल्ट एक्झिट-कोड' अशी असते. तो पंचनाम्याचा शेवट झाला, आपल्याला घटना हवी आहे. 'स्टार्टिंग' किंवा 'स्टार्टेड' ही त्या खेपेची ओळ शोधा आणि तिथून खाली या. वाटेत जी पहिली तक्रार भेटेल ती खरी. एका क्लासच्या सर्व्हरवर शेवटच्या चाळीस ओळी जावाच्या लांबलचक एरर होत्या. त्यांच्या वर एक साधी ओळ होती: डेटाबेसचा पासवर्ड चुकीचा. आदल्या दिवशी कुणीतरी पासवर्ड बदलला होता आणि कॉन्फिगमध्ये टाकायचा राहिला होता.

बरेच प्रोग्राम जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या या लॉगमध्ये, थोडंच लिहितात आणि बाकी आपल्या फाइलमध्ये, 'वार-लॉग' खालच्या फोल्डरात. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर आणि मायएसक्यूएल, पोस्टग्रेस हे डेटाबेस यांच्या बाबतीत तिथेही डोकवा.

मागच्या बूटचा लॉग 'जर्नलसीटीएल डॅश बी मायनस १' ने येतो, पण तो साठवलेला असेल तरच. 'वार-लॉग-जर्नल' हा फोल्डर नसला तर काही मशीनवर जर्नल फक्त मेमरीत राहतं आणि रीबूटबरोबर जातं. नवीन मशीन हातात आलं की मी पहिलं काम हेच करतो: जर्नल लिहिणाऱ्या जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये 'स्टोरेज' ला 'पर्सिस्टंट' करतो आणि जर्नलडी रीस्टार्ट करतो.

५. १३७, १३९, २०३ हे आकडे काय सांगतात?

१ आणि २ हे प्रोग्रामचे स्वतःचे. अर्थ लॉगमध्ये शोधावा लागतो. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवण्याची परवानगी नाही.

१२८ च्या वरचे पण २०० च्या खालचे आकडे दिसले तर १२८ वजा करा, उरतो तो सिग्नल. १३७ म्हणजे ९, जबरदस्तीने मारलं. १४३ म्हणजे १५, नीट सांगून थांबवलं. १३९ म्हणजे ११, सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रामने भलत्याच मेमरीला हात लावला. हे बेरीज केलेले आकडे शेल (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) स्क्रिप्टमधून किंवा डॉकरमधून येतात. सिस्टमडीने प्रोग्राम थेट चालवला असेल तर तो 'किल्ड, स्टेटस ९' असं सरळ सांगतो. ९ दिसला की आधी मेमरीचा संशय घ्या, म्हणजे प्रश्न ८. ११ किंवा ६ दिसला तर 'कोअरडंपसीटीएल इन्फो' मारून बघा, कुठल्या फंक्शनमध्ये कोसळला ते दिसतं. तो कागद प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे पाठवायचा. सर्व्हर सांभाळणाऱ्याचं काम तिथे संपतं.

२०० पासून पुढचे आकडे सिस्टमडीचे. म्हणजे प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच घोळ झाला. २०० ला काम करायचा फोल्डर नाही, २१७ ला युनिटमध्ये लिहिलेला युजर नाही, २०३ ला प्रोग्रामची फाइल चालवता आली नाही.

२०३ मध्ये एक गंमत आहे. फाइल जागेवर आहे, परवानगी आहे, तरी 'नो सच फाइल'. अशा वेळी विचारा की स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली होती का. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जास्तीचं अक्षर ठेवतं, आणि मग पहिल्या ओळीतल्या बॅशच्या नावाला ते चिकटून लिनक्स भलत्याच नावाचा प्रोग्राम शोधतो. 'डॉस टू युनिक्स' (सलग लिहायचं, मधला 'टू' आकड्यात) ही कमांड त्या फाइलवर चालवली की झालं.

६. "स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली" आलं. आता स्टार्टच होऊन नाही राहिली!

हे कारण नाही, हा सिस्टमडीचा वैताग आहे. १० सेकंदांत ५ वेळा उठवून पाहिलं, पाचही वेळा पडली, म्हणून त्याने हात टेकले. खरी चूक लॉगमध्ये वर आहे, प्रश्न ४ प्रमाणे शोधा. दुरुस्ती केल्यावर 'सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड हिशेब' आणि मग स्टार्ट.

लोक विचारतात की 'रीस्टार्ट' ला 'ऑलवेज' लावलं म्हणजे चिंता मिटली ना. मी 'ऑन-फेल्युअर' लावतो आणि 'रीस्टार्टसेक' ५ सेकंद ठेवतो. न लिहिल्यास ते १०० मिलिसेकंद असतं, म्हणजे डेटाबेस उठायच्या आत पाचही प्रयत्न संपतात. पण ५ सेकंद ठेवल्यावर दहा सेकंदांत पाच प्रयत्न कधी होतच नाहीत, म्हणजे ती मर्यादाच लागत नाही आणि सर्व्हिस रात्रभर मरत-उठत राहते, लॉग भरत राहते. म्हणून 'स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक' पण वाढवा, मी ५ मिनिटं ठेवतो.

७. हाताने चालवला की मस्त चालतो, सर्व्हिस म्हणून चालवला की पडतो. असं कसं?

आठवड्यातून एकदा तरी येणारा प्रश्न. तुम्ही हाताने चालवता तेव्हा तुमचा युजर असतो, तुमचा फोल्डर असतो, तुमच्या बॅशआरसीतलं (लॉगिनच्या सेटिंगच्या फाइलमधलं) सगळं लोड झालेलं असतं. सिस्टमडी यातलं काहीच बघत नाही. त्याला युनिटमध्ये लिहिलेलं तेवढंच कळतं.

सगळ्यात आधी पाथ, म्हणजे प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचा त्याची यादी. नोड किंवा पायथन तुम्ही आपल्या होम फोल्डरात टाकलेला असतो, सिस्टमडीला तो माहीत नाही. 'एक्झेकस्टार्ट' मध्ये पूर्ण पत्ता लिहा. मग फोल्डर: प्रोग्राम कॉन्फिग फाइल 'इथेच' शोधत असेल तर सर्व्हिसचं 'इथे' म्हणजे सगळ्यात वरचा रूट फोल्डर. 'वर्किंगडिरेक्टरी' लिहा. पासवर्ड, पोर्ट अशा गोष्टी एन्व्हायर्नमेंटमध्ये असतील तर 'एन्व्हायर्नमेंटफाइल' द्या. त्या फाइलमध्ये 'एक्स्पोर्ट' शब्द लिहायचा नाही, ती शेल स्क्रिप्ट नव्हे. 'एक्झेकस्टार्ट' मध्ये पाइप किंवा बाणाची खूणही चालत नाही, तेही शेलचं काम.

खरी परीक्षा करायची तर सर्व्हिस ज्या युजरने चालते त्याच युजरने चालवून बघा: 'सूडो डॅश यू' आणि युजरचं नाव. निम्म्या वेळा तिथेच 'परमिशन डिनाईड' दिसतं. त्यासाठी प्रश्न ११.

आणि तपास झाल्यावर हाताने चालवलेली ती प्रत बंद करा! नाहीतर प्रश्न १० तुमचाच.

८. लॉगमध्ये काहीच नाही. चालू होती, एकदम गायब. हे कसं?

मरणाऱ्याला शेवटचा शब्द बोलायला वेळच मिळाला नाही, म्हणजे बहुतेक कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) मारलं. 'जर्नलसीटीएल डॅश के' मध्ये 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' शोधा. मशीनची मेमरी संपली की कर्नल सगळ्या प्रोसेसना गुण देतो आणि ज्याने जास्त मेमरी धरली आहे त्याला मारतो. त्यामुळे मरणारा आणि दोषी एकच असेल असं नाही. मायएसक्यूएल मेली म्हणून लोक तिच्यामागे लागतात, आणि खरं तर रात्रीच्या रिपोर्टच्या स्क्रिप्टने मेमरी खाल्लेली असते. त्या ओळीच्या वर कर्नल सगळ्या प्रोसेसचा तक्ता छापतो, तो वाचा.

थोडी स्वॅप (मेमरी म्हणून वापरायची डिस्कवरची जागा) द्या, खादाड सर्व्हिसला युनिटमध्ये 'मेमरीमॅक्स' ची मर्यादा घाला. डेटाबेसला 'ऊमस्कोरॲडजस्ट' उणे ५०० दिला की तो यादीत मागे जातो. २ जीबीच्या मशीनवर डेटाबेस, वेब सर्व्हर आणि जावा तिन्ही बसवून "का पडते" विचारणाऱ्यांना माझं उत्तर: मेमरी घ्या.

९. डिस्क भरली म्हणून मोठी फाइल उडवली. तरी जागा रिकामी नाही झाली, सर्व्हिस पण उठत नाही.

हे मी कळमन्याच्या एका अडत्याकडे समोर बसून पाहिलं. संत्र्याचा हंगाम, बाहेर गाड्यांची रांग, आत बिल निघत नाही. 'डीएफ डॅश एच' म्हणतं १०० टक्के. तिथल्या पोट्ट्याने हुशारी करून ३८ जीबीची लॉग फाइल उडवली होती. पुन्हा 'डीएफ' केलं, १०० टक्केच. तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच जागा लपवली.

लिनक्समध्ये फाइल उडवली म्हणजे नुसतं नाव गेलं. एखाद्या प्रोसेसने ती उघडून धरली असेल तर जागा तिच्याकडेच राहते. 'सूडो एलएसओएफ' ला 'प्लस मोठा एल १' हा पर्याय दिला की अशा नाव गेलेल्या पण धरलेल्या फाइल दिसतात. तिथे एक ओळ आली, शेवटी 'डिलीटेड', आकार ३८ जीबी, धरणारा वेब सर्व्हर. वेब सर्व्हर रीस्टार्ट केला, 'डीएफ' ४१ टक्क्यांवर आलं, बिलं निघायला लागली. पुढच्या वेळी चालू लॉग उडवायचा नाही, 'ट्रंकेट' करून शून्यावर आणायचा.

डिस्कचे आणखी दोन डाव. 'डीएफ डॅश एच' मध्ये जागा दिसते तरी 'नो स्पेस लेफ्ट': 'डीएफ डॅश आय' बघा, आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपले असतील, लाखो बारीक सेशन फाइल साचल्या की होतं. दुसरा: रूट (ॲडमिन युजर) म्हणून फाइल बनते, सर्व्हिसला मात्र जागा नाही. ईएक्सटी४ मध्ये साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते, म्हणून.

जर्नलच फुगलं असेल तर 'जर्नलसीटीएल डॅश डॅश व्हॅक्यूम-साइज' ला ५०० आणि मोठा एम द्या.

१०. "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज"?

त्या पोर्टवर आधीच कुणी बसलं आहे. 'सूडो एसएस डॅश एलटीएनपी' मध्ये पोर्टसमोर प्रोसेसचं नाव दिसतं. बहुतेक वेळा ती तुमचीच जुनी प्रत असते. ८० वर अपाची आणि एन्जिनएक्स दोघंही बसवले असतील तर एकाला डिसेबल करा, नाहीतर प्रत्येक रीबूटला जो आधी उठेल तो जिंकेल.

११. सगळ्या फोल्डरला ७७७ दिलं, तरी "परमिशन डिनाईड". आता काय देऊ, ७७८?

आधी ते ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, काढा. मग 'नेमआय डॅश एल' ला फाइलचा पूर्ण पत्ता द्या. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी ओळीने दिसते. आतली फाइल कितीही मोकळी असो, वरच्या एका फोल्डरला जाण्याची परवानगी नसेल तर पोचता येत नाही. उबुंटू २१.०४ पासून नवीन युजरचा होम फोल्डर ७५० असतो, म्हणून होममध्ये ठेवलेलं ॲप दुसऱ्या युजरच्या सर्व्हिसला दिसत नाही. ॲप 'ऑप्ट' किंवा 'एसआरव्ही' खाली ठेवा.

वाट मोकळी असूनही नकार येत असेल आणि मशीन रेड हॅटच्या घराण्यातलं असेल, तर एसईलिनक्स, म्हणजे परवानग्यांच्या वरचा आणखी एक पहारेकरी. 'ऑसर्च डॅश एम एव्हीसी' मारा. होममध्ये तयार केलेली फाइल 'एमव्ही' ने हलवली की होमचं लेबल सोबत येतं, आणि वेब सर्व्हरला ती वाचायची मनाई असते. 'रीस्टोरकॉन' ला 'डॅश मोठा आर, छोटा व्ही' देऊन फोल्डरवर चालवा. एसईलिनक्स बंद करून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कुठेही मिळेल, माझ्याकडे मिळणार नाही. उबुंटूवर हेच काम ॲपआर्मर करतो, त्याचा नकार कर्नलच्या लॉगमध्ये 'डिनाईड' म्हणून दिसतो.

१२. लाइन गेली होती. आली तेव्हापासून डेटाबेस उठत नाही.

घाई करून फाइल उडवू नका, हे आधी सांगतो. डेटाबेस असाच झटका बसेल हे धरून बनवलेले असतात. मायएसक्यूएलचं इनोडीबी किंवा पोस्टग्रेस, दोघंही उठताना आपला रिकव्हरीचा लॉग वाचून स्वतःला सावरतात. मोठ्या डेटाबेसला त्याला वेळ लागतो. इथे एक सापळा आहे: युनिटमध्ये वेगळं काही नसेल तर सिस्टमडी ९० सेकंद वाट बघतो आणि मग 'टाइमआउट' म्हणून मारतो. रिकव्हरी अर्धवट, परत पहिल्यापासून, परत ९० सेकंद. स्टेटसमध्ये 'टाइमआउट' दिसला आणि डेटाबेसच्या लॉगमध्ये रिकव्हरी चाललेली दिसली, तर 'टाइमआउटस्टार्टसेक' वाढवा आणि चहा प्यायला जा.

दुसरी शक्यता, डिस्कच फक्त वाचण्यापुरती उरली. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' असं लॉगमध्ये असतं, 'फाइंडएमएनटी' मध्ये 'आरओ' दिसतं. गडबड सापडली की कर्नल लिहिणं बंद करतो, ते बरंच करतो. तपासणी 'एफएससीके' ने, पण डिस्क अनमाउंट करून. चालू डिस्कवर ती कमांड मारून उरलंसुरलं घालवणारे मी पाहिले आहेत.

तिसरी, जुनी पीआयडी फाइल. 'रन' फोल्डर मेमरीत असल्याने तिथल्या फाइल रीबूटला आपोआप जातात. डेटाच्या फोल्डरातल्या राहतात. पोस्टग्रेसची 'पोस्टमास्टर डॉट पीआयडी' तशीच. ती उडवण्याआधी 'पीएस' मध्ये पोस्टग्रेसची एकही प्रोसेस नाही याची खात्री करा. चालू असताना उडवली आणि दुसरी प्रत उठली तर डेटाची वाट लागते.

चौथी गोष्ट कुणाच्या डोक्यात येत नाही: मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असते. लाइन गेली की घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि सगळी सर्टिफिकेटं 'अजून लागू नाहीत' म्हणून सर्व्हिस पडतात. 'डेट' मारून बघायला एक सेकंद लागतो.

१३. रीबूटनंतरच पडते. हाताने स्टार्ट केली की बरोबर चालते.

'सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड हिशेब' मारा. 'डिसेबल्ड' असेल तर ती पडलीच नव्हती, कुणी उठवलीच नाही.

'एनेबल्ड' असूनही पडत असेल तर क्रमाचा प्रश्न आहे. 'आफ्टर नेटवर्क डॉट टार्गेट' लिहून आयपी मिळेपर्यंत थांबत नाही. त्यासाठी 'नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट', आणि तो 'आफ्टर' व 'वाँट्स' दोन्हींमध्ये लिहायचा. डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर त्याचंही नाव 'आफ्टर' मध्ये घाला. डेटा वेगळ्या डिस्कवर असेल तर 'रिक्वायर्समाउंट्सफॉर'.

१४. युनिट फाइल बदलली, पण काही फरकच पडत नाही.

'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' राहिलं. ते केलं असेल तर 'सिस्टमसीटीएल कॅट हिशेब' मारा, प्रत्यक्ष काय लागू आहे ते दिसेल. 'ईटीसी' मधली फाइल 'लिब' मधलीला झाकते, आणि तुम्ही बहुतेक झाकलेली बदलत होतात. 'सिस्टमसीटीएल एडिट' वापरा, म्हणजे पॅकेज अपडेट झालं तरी तुमचा बदल राहतो. त्यात 'एक्झेकस्टार्ट' बदलायचा असेल तर आधी एक रिकामी 'एक्झेकस्टार्ट' ओळ द्यावी लागते.

१५. स्टेटस हिरवा आहे, पण गिऱ्हाईकाला पान उघडत नाही. कोण खोटं बोलतंय?

कुणीच नाही. 'सिंपल' प्रकारच्या सर्व्हिसला सिस्टमडी प्रोसेस जन्मल्याबरोबर हिरवा देतो, ती काम करते का हे तो विचारत नाही. सर्व्हरवरूनच 'कर्ल' ने पान मागा. आतून मिळालं आणि बाहेरून नाही, तर फायरवॉल, किंवा सर्व्हिस फक्त १२७.०.०.१ वर ऐकते आहे. 'एसएस' मध्ये कळतं. आतूनही नाही मिळालं तर प्रोसेस जिवंत पण अडकलेली. लॉगमध्ये 'टू मेनी ओपन फाइल्स' शोधा. सिस्टमडीच्या सर्व्हिसला साधारण १०२४ फाइलची मर्यादा असते, आणि 'लिमिट्स डॉट कॉन्फ' मधला आकडा तिला लागत नाही. युनिटमध्ये 'लिमिटनोफाइल' लिहा.

१६. किल डॅश नाइन मारलं तरी मरत नाही!

'पीएस' मध्ये स्थितीच्या रकान्यात काय आहे? 'झेड' असेल तर ती आधीच मेली आहे, बापाने नाव काढलेलं नाही एवढंच. बाप प्रोसेस रीस्टार्ट करा. 'डी' असेल तर ती डिस्कच्या किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरच्या उत्तराची वाट बघते आहे, आणि ते मिळेपर्यंत कुठलाच सिग्नल ऐकत नाही. नेटवर्कवरचा फोल्डर देणारा एनएफएस सर्व्हर बंद पडला असेल तर तो चालू करा. डिस्क घरचीच असेल तर आजच बॅकअप घ्या.

१७. रोज ठरावीक वेळी पडते. पण त्या वेळी तर काहीच चालू नसतं.

कुणाच्या घड्याळाने? क्लाउडवरचं मशीन बहुधा यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री २ ला लावलेला बॅकअप नागपुरात सकाळी साडेसातला चालतो. डेबियन-उबुंटूचा अपडेटचा टायमर ६ ते ७ च्या मध्ये कधीतरी चालतो, म्हणजे इथे साडेअकरा ते साडेबारा, ऐन धंद्याच्या वेळी; आणि अपडेटमध्ये सर्व्हिस रीस्टार्ट होऊ शकते. 'टाइमडेटसीटीएल' ने झोन बघा, 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स' आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी जुनी सोय) दोन्ही तपासा. जर्नल मशीनच्या झोनमध्ये वेळ दाखवतं, ॲपचा स्वतःचा लॉग यूटीसीत असू शकतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना हा फरक विसरून मी एकदा आख्खी दुपार घालवली आहे.

१८. एसएसएच बंद केलं की सर्व्हिस पण बंद.

ती सर्व्हिस नाहीच, तुमच्या टर्मिनलला लटकलेला प्रोग्राम आहे. युनिट फाइल बनवा. युजरच्या खात्यातली सर्व्हिस असेल तर 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर' आणि युजरचं नाव.

१९. मे महिन्यात दुपारीच मशीन बंद पडतं. लिनक्सचा प्रॉब्लेम आहे का?

लिनक्सचा नाही, नागपूरचा आहे. बाहेर ४५ अंश, खोलीत एसी नाही, मशीन टेबलाखाली भिंतीला चिकटून. 'जर्नलसीटीएल डॅश के' मध्ये 'टेंपरेचर अबव्ह थ्रेशोल्ड' दिसेल. आधी प्रोसेसर वेग कमी करतो, सर्व्हिस टाइमआउटने पडायला लागतात, आणि मर्यादा ओलांडली की मशीन एकदम बंद. मग लॉग मधेच तुटलेला दिसतो, शेवटी कुठलीही एरर नाही. 'सेन्सर्स' कमांडने तापमान बघा.

धंतोलीतल्या एका ऑफिसने यावर उपाय म्हणून कूलरचं तोंड थेट मशीनकडे केलं होतं. झाकण उघडलं तर आत खसच्या काड्या आणि रॅमच्या टोकांवर हिरवट थर. कूलरची हवा ओली असते, ती माणसासाठी. मशीनला कोरडी हवा, मागे वीतभर मोकळी जागा आणि होळीनंतर एकदा ब्लोअरने धूळ काढणं, एवढं पुरतं.

२०. तुम्हाला विचारताना काय पाठवू?

फोटो नको, मजकूर पाठवा. 'सिस्टमसीटीएल स्टेटस', 'सिस्टमसीटीएल कॅट', 'जर्नलसीटीएल डॅश यू हिशेब डॅश बी', 'डीएफ डॅश एच', 'फ्री डॅश एच', पाचही एका फाइलमध्ये. जर्नल आणि स्टेटसला 'डॅश डॅश नो-पेजर' लावा, नाहीतर ओळी कापल्या जातात. कॉन्फिगमधले पासवर्ड खोडा. आणि शेवटचं काय बदललं होतं ते लिहा. "काहीच नाही बदललं" असं लिहिण्याआधी ऑफिसात सगळ्यांना एकदा विचारून या.